आट्यात गेलेली लांबी

सर, त्या दिवशी माझ्या पिशवीत मोसंब्यांच्या खाली पाइप होता.

तुम्ही विचारलंत, "काय आणलंस?" मी म्हणालो, "मोसंबी." आणि पिशवी खाटेच्या कडेला टेकवली तेव्हा लोखंडावर लोखंड वाजलं. तुमच्या नाकात नळी होती, दोन शब्दांनी धाप लागत होती, तरी डोळे न उघडता तुम्ही म्हणालात, "मोसंबी वाजायला कधीपासून लागली?" वहिनी हसल्या. मीही हसलो. मग मी एक मोसंबं सोललं, तुम्ही दोन फोडी खाल्ल्यात, "आंबट आहे" म्हणालात, आणि भेटीची वेळ संपली म्हणून नर्सने मला बाहेर काढलं. पिशवी जशी नेली होती तशी घरी आणली. पाचव्या दिवशी सकाळी तुमच्या मुलीचा, सुजाताचा फोन आला, तुम्ही गेल्याचा.

येत्या रविवारी तुमचं पुण्यानुमोदन आहे, आदरांजलीची सभा. त्या दिवशी वाटायला सुजाता एक छोटी पुस्तिका छापते आहे. ती मला म्हणाली, "काका, तुम्ही बाबांबरोबर सोळा वर्षं काढलीत. दोन पानं लिहा. आणि बाबांचं एक टिपण सापडलंय, तेही छापायचंय. ते जरा नजरेखालून घाला, त्यातलं मातीचं मला कळत नाही." तिने चार कागद माझ्या हातात दिले. वर तुमच्या सरळ उभ्या अक्षरात लिहिलं होतं, 'एक महिना जास्त'. पहिलं वाक्य होतं, "या गाळाची माती साठ सेंटिमीटर बसेल असा माझा हिशोब होता, ती पासष्ट बसली."

मी तिथल्या तिथे कागद घडी करून खिशात टाकले. "वाचून सांगतो," म्हणालो. त्यानंतर तीन दिवस झाले. आज लिहायला बसलो आहे. हळूहळू लिहितो आहे, कारण मला कुठल्या क्रमाने सांगावं हे ठरवता येत नाही. तुम्ही म्हणाला असता, क्रम सोपा असतो, आधी काय मोजलं ते सांग, मत नंतर.

आधी तुम्ही मला कसं उचललंत ते सांगतो. पदविका दुसऱ्या वर्गातली, ती कशीबशी मिळवलेली. कंपनीच्या माती तपासायच्या खोलीत मी माणशी एक याप्रमाणे ठेवलेल्या स्टुलावर बसून कादंबरी वाचत होतो. तुम्ही मागे येऊन उभे राहिलात. मला वाटलं, गेली नोकरी. तुम्ही विचारलंत, "पान दुमडून ठेवतोस की खूण घालतोस?" मी म्हणालो, "खूण घालतो सर." "मग उद्यापासून माझ्याबरोबर साइटवर ये. पान दुमडणाऱ्याला मी रीडिंगचं पुस्तक देत नाही."

ते पुस्तक म्हणजे पिवळ्या पानांची, खिशात मावणारी वही. तिच्यात रोजची उंची लिहायची. पहिल्या दिवशी माझ्या हातून एक आकडा चुकला. मी खोडरबर काढलं, तुम्ही ते माझ्या हातातून घेतलंत आणि शांतपणे ओढ्यात टाकलंत. "चुकलेल्या आकड्यावर एक रेघ मारायची. खालचा आकडा वाचता आला पाहिजे. वर बरोबर आकडा, बाजूला सही, तारीख. खोडलेला आकडा म्हणजे मेलेला साक्षीदार." मी म्हणालो, "सर, खोडरबर नवीन होतं." तुम्ही म्हणालात, "ओढ्याचं पाणीही नवीन आहे."

आता दुसरा ओढा, काही वर्षांनंतरचा, हिंजवडीच्या अलीकडचा. महामार्गाचा नवा तुकडा तिथून जायचा होता. पलीकडे तेव्हा नुकत्याच काचेच्या दोन इमारती उभ्या राहिल्या होत्या आणि आणखी दहा येणार म्हणत होते. सगळ्यांना घाई होती. ओढ्याच्या दोन्ही अंगांना वर्षानुवर्षं साठलेला गाळ होता. वरून कोरडा, भेगा पडलेला. कुदळ मारली की हातभर खाली भिजलेल्या लोण्यासारखा. त्यावर दोन पुरुष उंचीचा भराव घालून रस्ता न्यायचा होता.

सुजातासाठी इथे थोडं सोपं करून सांगतो. तुम्हीच सांगायचात तसं. नव्या येणाऱ्या प्रत्येकाला तुम्ही विचारायचात, "घरी चक्का कसा करतात?" दही फडक्यात बांधून टांगतात, पाणी निथळतं, मग उरतो तो चक्का. "गाळाचंही तेच. वर वजन ठेवायचं, पाणी निथळू द्यायचं, माती बसेल तेवढी बसू द्यायची. मग जादा वजन काढून रस्ता करायचा. घाई केली की श्रीखंड पातळ." पाणी लवकर निथळावं म्हणून गाळात वाळूच्या उभ्या नळ्या घातल्या होत्या. त्यावर रस्त्याला लागतो त्याहून जास्त उंच भराव घातला होता. आणि मग थांबायचं.

किती थांबायचं हे ठरवायला चार तबकड्या. जमिनीवर लोखंडाची चौकोनी तबकडी, तिच्या मधोमध उभा पाइप. भराव वाढला की पाइपाला वर दुसरा पाइप जोडायचा, म्हणजे त्याचं डोकं नेहमी बाहेर राहतं. डोक्याची उंची दुर्बिणीने मोजायची, तिच्यातून पाइपाची लांबी वजा करायची, की खाली गाडलेली तबकडी किती बसली ते कळतं. ते मोजणं माझं काम होतं. पाइप जोडणंही माझंच.

डंपरवाल्यांपासून या तबकड्या जपायला तुम्ही तात्यांना ठेवलंत. जमीन त्यांचीच गेली होती. त्या गाळात ते भात लावायचे. डोक्याला पंचा, हातात काठी, आणि प्रत्येक पाइपाभोवती त्यांनी बाभळीच्या काट्यांचं कुंपण केलं होतं. मला म्हणायचे, "ह्या तुमच्या साहेबाच्या लेकी हायत का काय? यवढं तर म्या माझ्या म्हशीला जपलं न्हाय." तुम्हाला ते ऐकू जायचं. तुम्ही म्हणायचात, "तात्या, म्हैस बसली तर उठते. या बसल्या की बसल्या."

बसणं आणि खचणं, या दोन शब्दांवरून तुम्ही कंपनीतल्या टायपिस्टबाईंना किती छळलंत. त्या अहवालात 'जमीन खचली' असं लिहायच्या आणि तुम्ही लाल पेनाने 'बसली' करायचात. "बाई, बसणं हे सांगून होतं. खचणं न सांगता. आपण पगार घेतो तो सांगण्याचा."

सर, मी सांगितलं नाही. ते आता सांगतो.

भराव दोन वेळा वाढला तेव्हा प्रत्येक तबकडीला दोन वेळा पाइप जोडला. जोडायला सॉकेट लागतं, आतून आटे पाडलेली छोटी नळी. खालच्या पाइपाचे आटे मातीने खराब होऊ नयेत म्हणून मी सॉकेट आधीच त्याच्या डोक्यावर घट्ट बसवून ठेवायचो. आणि लांबी मोजायचो ती सॉकेटच्या वरच्या कडेपर्यंत. मग नवा पाइप जमिनीवर आडवा ठेवून टेपने मोजायचो, बरोबर एक मीटर. तो सॉकेटमध्ये फिरवून बसवायचो आणि वहीत लिहायचो, जुनी लांबी अधिक एक मीटर. पण फिरवताना नवा पाइप सॉकेटच्या आत जायचा. सुमारे अडीच सेंटिमीटर. आट्यांनी खाल्लेली ती लांबी मी कधीच वजा केली नाही. पाइप होता त्यापेक्षा लांब आहे असं मी धरलं. म्हणून तबकडी होती त्यापेक्षा खोल गेली आहे असं वहीत दिसलं. दोन जोड, पाच सेंटिमीटर. माती जी बसलीच नव्हती ती मी बसवली. आणि चारही तबकड्यांवर हीच चूक, म्हणून चौघी एकमेकींची साक्ष देत राहिल्या.

तुम्हाला शंका आली होती. आलेख तुम्ही हातानेच काढायचात, आलेखाच्या कागदावर, टोकदार पेन्सिलीने. तेव्हा ऑफिसात संगणक आले होते. त्यावर काढलेली रेष गुळगुळीत यायची आणि सगळ्यांना ती आवडायची. तुम्ही म्हणायचात, "ही रेष इस्त्री करून आणलीय. मला सुरकुत्या बघायच्यात." हाताने काढलेल्या आलेखात दोन ठिकाणी पायरी होती. तुम्ही मला बोलावलंत. "दिलीप, ही पायरी कसली?"

मी तारीख बघितली. म्हणालो, "सर, त्याच दिवशी नवा थर टाकला. वजन वाढलं, म्हणून बसली असेल."

"एका दिवसात?"

"चारही ठिकाणी तसंच आहे सर."

तुम्ही बराच वेळ त्या पायरीकडे बघत होतात. मग तिच्यापाशी पेन्सिलीने एक प्रश्नचिन्ह काढलंत, छोटं, तांदळाएवढं. मी खोटं बोललो नव्हतो. मला खरंच तसंच वाटत होतं. हे मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलं आहे की आता ते खरं असूनही पाठ केल्यासारखं वाटतं.

तुमचा हिशोब होता एकूण साठ. त्यातले पंचावन्न बसले की जादा भराव काढायचा. उरलेले पाच रस्ता झाल्यावर हळूहळू बसले तरी कुणाला कळणार नाहीत. ज्या दिवशी माझ्या वहीत पंचावन्न आले त्या दिवशी ठेकेदाराचा मॅनेजर तुमच्या टेबलासमोर येऊन बसला. "साहेब, आकडा आला. आता कशाची वाट बघताय, मुहूर्ताची?" तुम्ही म्हणालात, "मला आणखी एक महिना हवा होता. पायऱ्यांचं मला पटत नाही." तो म्हणाला, "पटत नाही असं कुठल्या रकान्यात लिहू?" तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी वही उघडून पुढे ठेवली. तुम्ही म्हणालात, "रीडिंग दिलीपचं आहे," आणि सही केलीत.

या वाक्याचा मला त्या दिवशी केवढा अभिमान वाटला होता. घरी जाऊन बायकोला सांगितलं होतं.

रस्ता झाला. पुढच्या पावसाळ्यानंतर ओढ्यावरच्या पुलापाशी दोन्ही बाजूंना उतार पडला. पूल खडकावर उभा, तो हलला नाही. रस्ता खाली गेला. गाडी पुलावर चढताना गचका बसायचा. उघडल्यापासून दहा सेंटिमीटर बसला होता. वर्तमानपत्रात तीन ओळी आल्या, चौकशी झाली. बैठकीत तुम्ही उभं राहून सांगितलंत, "मोजणीत चूक नाही. अंदाज माझा होता. माती माझ्या हिशोबाहून जास्त बसली आणि सावकाश बसली." मी तुमच्या मागच्या खुर्चीवर वह्यांचा गठ्ठा मांडीवर घेऊन बसलो होतो. मला तुमच्याबद्दल वाईट वाटत होतं. हो सर, तेव्हा मी तुमची कीव करत होतो.

त्यानंतर तुम्हाला मोठी कामं मिळाली नाहीत. दुसऱ्यांचे अहवाल तपासायला खिडकीजवळचं टेबल दिलं. मी चहा घेऊन आलो तेव्हा तुम्ही म्हणालात, "तोंड पाडू नकोस. मी खचलो नाही, बसलोय. बघ, खुर्चीसुद्धा दिलीय."

बैठकीला पंधरा दिवस झाले असतील. उरलेलं सामान आणायला मी ओढ्यावर गेलो होतो. तात्या भेटले. उरलेल्यांतले दोन पाइप, एकाच्या डोक्यावर सॉकेट बसवलेलंच, मी त्यांना म्हशीच्या कुंडीपर्यंत पाणी न्यायला दिले होते. ते वैतागले होते.

"तुमचं पाइप आखूड हायत साहेब."

"आखूड कसे असतील? एकेक मीटरचे आहेत. मी मोजलेत."

"म्या बी मोजलंय. दोन मीटरच्या वर पायजे व्हतं, सॉकेटासकट मोजून धरलं. जोडल्यावर कुंडीत पाणी पडंना, भाईर पडतंय."

"का?"

"का म्हंजी? पाइप आत घुसतोय न्हवं. तेवढा गेला की आट्यात."

मी कुंडीजवळ उभा होतो. म्हैस माझ्याकडे बघत होती. मला आधी सुचलं ते हे की, जवळपास कुणी आहे का. कुणी ऐकलं का. त्या क्षणी तुम्ही माझ्या मनात आला नाहीत सर. आधी मी आलो.

तात्यांकडून मी तो जोड परत मागून घेतला, दुसरा लांब पाइप आणून दिला. गावातल्या करवतीने जोडाच्या दोन्ही बाजूंना वीतभर ठेवून कापून घेतला. तोच हा, पिशवीतला.

तेव्हाच सांगितलं असतं तर? बैठकीचं इतिवृत्तसुद्धा अजून टाइप झालं नव्हतं. पण मी म्हटलं, सोमवारी सांगू. मग तुमच्या आईचं आजारपण आलं, म्हटलं आता नको. त्या वाचल्या, तेव्हा तुम्ही आनंदात होतात, म्हटलं आज नको. भराव जसा थराथराने चढतो तसं ते चढत गेलं, आणि खाली काय बसतंय ते बघायला कुणी तबकडी ठेवलेली नव्हती.

काम मी बदललं. कुणाला न सांगता पुढच्या प्रत्येक कामावर जोड लावल्यानंतर लांबी मोजायला लागलो. तुमच्या लक्षात आलं होतं. एकदा म्हणालात, "हल्ली दोनदा मोजतोस." मी म्हणालो, "सवय लागली." आधीच्या दोन कामांवरही पाइप मीच जोडले होते. त्या रस्त्यांवर मी एका रविवारी एसटीने जाऊन आलो. पुलापाशी उतरून उन्हात उभा राहिलो आणि प्रत्येक गाडीचं मागचं चाक बघत राहिलो. काही दिसलं नाही. तरी आजही कुठल्याही पुलावर गाडी चढताना मी बोलायचा थांबतो. बायको म्हणते, "कान कुठे असतो तुमचा?" कान चाकाकडे असतो.

आपल्या गचक्यापाशी एक बाई स्कूटरवरून पडल्या, हात मोडला, असं तात्यांनी सांगितलं. "बरी हाय म्हन्त्यात आता." मी त्या बाईंचं नाव विचारलं नाही. विचारलं असतं तर ते माझ्या लक्षात राहिलं असतं. दर पावसाळ्यात तिथे डांबराचा थर चढवतात, आणि दर पावसाळ्यात तुम्ही म्हणायचात, "माझ्या चुकीवर सरकार किती डांबर घालणार आहे कोण जाणे."

सुजाताला नोकरी लागली ती नेमकी हिंजवडीत. कंपनीची बस विश्रांतवाडीहून निघायची आणि रोज त्या पुलावरून जायची. तिने त्याला 'बाबांचा गचका' असं नाव ठेवलं. तुमच्या टेबलावरचा फोन सकाळी साडेआठला वाजायचा आणि सगळं ऑफिस ऐकायचं. "बाबा, तुमचा गचका आला. ड्रेसवर चहा सांडला." तुम्ही म्हणायचात, "कप अर्धा भरायला काय हरकत आहे?" आणि फोन ठेवून हसत हसत पुढचा अहवाल ओढायचात. मी माझ्या टेबलावर मान खाली घालून बसलेला असायचो.

एकदा सांगणारच होतो. बुधवार पेठेत जुन्या पुस्तकांच्या दुकानात आपण उभे होतो. तुम्ही एक फाटकं परदेशी पुस्तक चाळत होतात, बांधकामाच्या पायातल्या चुकांबद्दलचं. म्हणालात, "बघ, माणसाने स्वतःच्या चुकीवर अख्खं प्रकरण लिहिलंय. पूल पाडणारे पुष्कळ असतात, प्रकरण लिहिणारा एखादा." मी म्हणालो, "सर, मला एक..." तेवढ्यात दुकानदार वर न बघता म्हणाला, "घ्यायचं असेल तर घ्या. उभ्याने वाचायला वाचनालय आहे, त्याला वर्गणी असते." तुम्ही इतके हसलात की पुस्तक घेऊनच टाकलंत. बाहेर आल्यावर विचारलंत, "काय म्हणत होतास?" मी म्हणालो, "चहा घेऊ या म्हणत होतो."

तुम्ही ते प्रकरण लिहिलंतच. 'एक महिना जास्त'. गाळावर काम करणाऱ्याने हिशोबापेक्षा एक महिना अधिक थांबावं, माती हिशोबाइतकी सरळ नसते, मी हे माझ्या चुकीतून शिकलो. तुम्ही तपासलेल्या प्रत्येक अहवालात तो महिना घातलात. ठेकेदार तुमच्या पाठीमागे तुम्हाला 'जादा महिना' म्हणायचे. ऑफिसातली नवी मुलं आता तो नियम म्हणून लिहितात, का ते त्यांना ठाऊक नाही. आणि रविवारी ते तुमच्या नावाने छापून शंभर घरांत जाणार आहे.

काल दुपारी मी विश्रांतवाडीला तुमच्या घरी गेलो. जुन्या वह्या, तुमचा आलेख, तुमचं टिपण, टेप आणि तो जोड घेऊन. तुमच्या फोटोपुढे मेणबत्ती जळत होती. वहिनी आत पडल्या होत्या. सुजाताने विचारलं, "वाचलंत का काका?" मी पाइप टेबलावर ठेवला. म्हणालो, "आधी हा मोज. मग उघड, आणि परत मोज."

तिला वाटलं मला काहीतरी झालं आहे. पण मोजलं. पाना घेऊन दोघांनी मिळून जोड उघडला. गंजला होता, जोर लागला. सुटे तुकडे तिने मोजले, कागदावर लिहिले, वजाबाकी केली. "अडीचचा फरक."

"आट्यात गेलेला. असे दोन जोड होते. तेवढे मी वजा केले नव्हते."

ती वहीकडे बघत होती, मग टिपणाकडे. सॉफ्टवेअरवाली असली तरी मुलगी तुमची आहे. मी पुढे काही सांगायच्या आत तिने पेन उचललं. "म्हणजे भराव काढला तेव्हा पंचावन्न नव्हते. पन्नास."

"हो."

"आणि नंतर दहा बसले."

"हो."

"साठ."

तिने पेन टिपणाच्या पहिल्या वाक्यावर टेकवलं.

"बाबांचा हिशोब साठच होता," ती म्हणाली.

सर, ही बेरीज मी आठ वर्षांत कधी करून पाहिली नव्हती. पाच चुकले, पाच चुकले, एवढंच घोकत होतो. तुमचा आकडा बरोबर होता. सेंटिमीटरपर्यंत बरोबर होता, आणि तुम्ही तो चुकीचा मानून गेलात.

"केव्हापासून माहीत आहे तुम्हाला?"

"आठ वर्षं."

"आठ," ती म्हणाली. "दर धम्मचक्र दिनाला आमच्याकडे जेवायला यायचात तुम्ही. आईच्या हातची खीर आवडते म्हणून डबा न्यायचात." तिचा आवाज चढला नव्हता. "आणि मी रोज सकाळी बसमधून फोन करायचे. बाबा, तुमचा गचका आला."

मी म्हणालो, "चूक माझी आहे. तुझी नाही."

"ते मला कळतं काका. पण फोन मीच करायचे."

आत वहिनींनी कूस बदलल्याचा आवाज आला. सुजाताने मधलं दार लोटलं. मग ती म्हणाली, "टिपण काढून टाकू का?"

"नको. जादा महिन्याने पुष्कळ रस्ते वाचलेत. महिना राहू दे. त्याचं दिलेलं कारण तेवढं खोटं आहे."

"मग ते वाक्य बदलू?"

"त्यांचं वाक्य खोडायचं नाही. पासष्टवर एक रेघ. खालचा आकडा वाचता आला पाहिजे. वर साठ. बाजूला सही आणि तारीख."

"कुणाची सही?"

"माझी."

तिने ते कागद माझ्याकडे सरकवले नाहीत, स्वतःकडेही ओढले नाहीत. म्हणाली, "हे सगळं लिहून द्या. बाबांच्या टिपणाखाली छापते. एक ओळही गाळणार नाही, तुमच्या बाजूची किंवा विरुद्ध. आईला मात्र छापायच्या आधी तुम्ही सांगायचं. मी नाही सांगणार." दारापर्यंत आली. नेहमी 'परत या' म्हणते, तसं म्हणाली नाही.

म्हणून हे लिहिलं. लिहून झाल्यावर वहिनींकडे जायचं आहे, आणि मला भीती वाटते आहे. कंपनीला पत्र लिहायचं आहे, त्याचीही वाटते. पत्रात काय लिहायचं ते ठरलं आहे: आधी मोजलं काय, मत नंतर. माफी कुणाकडे मागायची ते मला कळत नाही सर. तुम्ही असता तर म्हणाला असता, माफीचा रकाना या वहीत नाही, दुरुस्तीचा आहे.

तेव्हा आज सकाळी वह्या घेऊन बसलो. पहिल्या जोडाच्या तारखेपासून भराव काढला त्या दिवसापर्यंत, चारही तबकड्या. प्रत्येक आकड्यावर एक रेघ, वर बरोबर आकडा, बाजूला सही, आजची तारीख. दुपार झाली, बोटं आखडली. शेवटी तुमचा आलेख उघडला. दोन पायऱ्या, आणि पहिलीपाशी ते तांदळाएवढं प्रश्नचिन्ह, पेन्सिलीचं, अजून स्पष्ट. ते मी तसंच ठेवलं. त्याच्यापुढे शाईने लिहिलं, 'जोड. लांबी आट्यात गेली.' सही केली. शेजारी 'तपासले' असा छापलेला रकाना आहे. त्यात मी काही लिहिलं नाही.